−८० फ्रीझरच्या लॉगरचा सेल नऊ दिवसांत का संपतो?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या प्रयोगशाळेत कॅन्सर पेशींचे आरएनए आणि लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्राव) ठेवलेल्या −८० अंशांच्या फ्रीझरवर तापमान नोंदणारा लॉगर लावलाय: ईएसपी३२ या वाय-फाय चिपचा डेव्ह बोर्ड (चिप बसवलेला तयार बोर्ड), डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास) एक १८६५० लिथियम सेल. दर पंधरा मिनिटांनी वाय-फायवरून रीडिंग जातं, मधे डीप स्लीप, म्हणजे चिपची गाढ झोप. सेल नऊ दिवसांत उतरतो, सहा महिने तरी चालायला हवा.

आधी सेन्सर बदला. डीएस१८बी२०ची हद्द −५५ अंशांवर संपते, त्याखाली तो जे सांगेल ते विसरा. पीटी१००० प्रोब (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) आणि तो वाचणारी मॅक्स३१८६५ चिप बोर्डासकट घ्या, पण त्या बोर्डावरचा संदर्भ रेझिस्टर ४३०० ओहमचा आहे ना ते बघून घ्या. पीटी१००साठीचा ४३०वाला सर्रास हातात येतो. −८०ला पीटी१०००चा रेझिस्टन्स ६८३ ओहम असतो. खात्रीसाठी प्रोबच्या जागी ६८० ओहमचा एक टक्केवाला रेझिस्टर लावला की रीडिंग −८१च्या आसपास, दोन-तीन अंशांच्या आत यायला हवं. मॅक्स३१८६५चा फिल्टर ५० हर्ट्झवर ठेवा. वायर टेफ्लॉन किंवा सिलिकॉनची. पीव्हीसी त्या थंडीत कडक होऊन तडकते.

आता सेल. २६०० भागिले २१६ तास म्हणजे सरासरी १२ मिलिअँपिअर. वाय-फायचे तीन सेकंद, १२० मिलिअँपिअर धरून, ९०० सेकंदांवर पसरले तर ०.४ होतात. उरलेले साडेअकरा झोपेत जातात! ईएसपी३२ची चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नाही. बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअरच्या घरात खातो, बाकीचं पॉवर एलईडी आणि यूएसबीची चिप. वर या रेग्युलेटरला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये एक व्होल्टाहून जास्त फरक लागतो. सेल ३.७ व्होल्टला आला की चिपपर्यंत जेमतेम २.६ पोचतात, मग वाय-फाय चालू होताच ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज पडल्याने चिप पुन्हा सुरू होणं). म्हणजे सेलमध्ये चार्ज शिल्लक असतानाच लॉगर बंद.

डेव्ह बोर्ड सोडून नुसतं ईएसपी३२ मॉड्यूल आणि आरटी९०८० रेग्युलेटर वापरा: स्वतःचा खर्च २ मायक्रोअँपिअर, क्षमता ६०० मिलिअँपिअर. नेटवर एमसीपी१७०० रेग्युलेटरची शिफारस फार दिसते, पण तो २५० मिलिअँपिअरलाच थकतो आणि वाय-फायचा झटका त्याहून मोठा असतो. मॉड्यूलच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

मॅक्स३१८६५ रिकामा बसला तरी मिलिअँपिअरच्या हिशेबात खातो, म्हणून त्याची वीज पी-चॅनल मॉसफेटने (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) तोडा. इथे एक खोच आहे: वीज तोडली पण एसपीआयच्या (दोन चिपांमधल्या संवादाच्या) पिना हाय राहिल्या, तर चिप त्या पिनांमधूनच करंट ओढत राहते. झोपण्याआधी सगळ्या पिना लो करा आणि होल्ड लावा, म्हणजे झोपेतही त्या तशाच राहतील. बॅटरीचं व्होल्टेज मोजायचा डिव्हायडर (दोन रेझिस्टरांची जोडी) १०० किलोओहम-१०० किलोओहमचा असेल तर तोच २१ मायक्रोअँपिअर पितो. १ मेगओहम-१ मेगओहम आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

झोपेतला करंट थेट मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजवर मोजू नका, उठतानाच बोर्ड रीसेट होईल. सेलच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घाला, त्याला बगल देणारा जंपर (जोडपिन) त्यावर ठेवा, बोर्ड झोपला की जंपर काढून मिलिव्होल्ट वाचा. २ मिलिव्होल्ट म्हणजे २० मायक्रोअँपिअर.

आता सगळा खर्च वाय-फायचा उरतो. दर पाच मिनिटांनी मोजा, आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या) साठवा आणि तासाला एकदाच पाठवा. अलार्म असेल तर लगेच. आयपी स्थिर ठेवा, चॅनल आणि राउटरचा बीएसएसआयडी (त्याचा वाय-फाय पत्ता) कोडमध्ये लक्षात ठेवा, जोडणी पटकन होते. हिशेब: झोप २०, मोजणी १५, वाय-फाय १००, एकूण १३५ मायक्रोअँपिअर. सेलची ८० टक्के क्षमता धरली तरी वर्षभर सहज निघतं.

बोर्ड आणि सेल फ्रीझरबाहेरच ठेवा, −८०ला लिथियम सेल काम करत नाही. प्रोब मोकळ्या हवेत टांगलात तर दार उघडताच अलार्म वाजेल आणि चार दिवसांत लोक तो बंद करून टाकतील. काचेच्या मण्यांनी भरलेल्या १५ मिलिच्या ट्यूबमध्ये प्रोब खोचा. मर्यादा −६५, सलग पंधरा मिनिटं. आरएनएचं मुख्य नुकसान वितळून पुन्हा गोठण्यात होतं, त्यामुळे −७०ला घाबरायचं कारण नाही. जिवंत पेशींच्या सेल लाइन महिनोन्‌महिने याच फ्रीझरमध्ये असतील तर मात्र प्रश्न लॉगरचा नाही. त्या द्रव नायट्रोजनमध्ये हलवा.

मे महिन्यात बडोद्याची हवा ४२ला जाते आणि असे फ्रीझर साधारण ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेले असतात. कंडेन्सरचा फिल्टर तुंबला की पहिला फटका तेव्हाच. आणि वीज गेली की राउटरही जातो, म्हणजे अलार्म नेमका हवा तेव्हाच पोचत नाही. राउटर यूपीएसवर घ्या, शिवाय दोन तास निरोप आला नाही तर सर्व्हरनेच फोनवर मेसेज पाठवावा. तो एकापेक्षा जास्त नंबरांवर लावा. उत्तरायणाच्या दोन सुट्ट्यांत एक माणूस हमखास पतंग उडवायला गच्चीवर असतो.