खाडीकाठचे २६ गुंठे आणि मासळीचा कारखाना: विसार देण्याआधी

रत्नागिरीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांनी ११ वर्षं मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून काम केलं. यजमान जहाजावर होते, आता कायमचे घरी आले आहेत. मुलगी अकरावीत आहे. जवळ ५४ लाख रुपये आहेत, त्यातले ४० लाख मुदत ठेवीत आणि १४ लाख म्युच्युअल फंडात. काळबादेवी खाडीच्या काठी २६ गुंठे शेतजमीन ३८ लाखांना मिळते आहे. तिथे कोलंबी-सुरमई साफ करून, कापून गोठवण्याचा छोटा कारखाना आणि शेजारी बर्फाचा कारखाना टाकायचा बेत आहे. शेड आणि यंत्रांसाठी ४५ लाखांचं कर्ज काढायची तयारी आहे. विकणारा पंधरा दिवसांत ५ लाख विसार मागतो आणि म्हणतो, "एनए होऊन जाईल, सगळ्यांचं होतं." दीर म्हणतात, "एमआयडीसीचा भाडेपट्टा काय कामाचा? जागा आपल्या नावावर हवी." ठेव मोडावी का, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, तुमचा धंद्याचा बेत मला आवडला. माल कुठून येतो, कुठल्या महिन्यात कोलंबीचा भाव काय असतो, दहा बायकांकडून दिवसात किती किलो माल सोलून होतो, हे सगळं तुम्ही पत्रात लिहिलं आहे आणि ते आकडे कामाच्या अनुभवातून आलेले आहेत. म्हणून धंदा करू नका असं मी म्हणणार नाही. माझी हरकत जागेला आहे, आणि पैसे ज्या क्रमाने जाणार आहेत त्या क्रमाला आहे.

आधी त्या "एनए होऊन जाईल"बद्दल. एनए म्हणजे अकृषिक परवानगी, ती महसूल खात्याची. त्या जागेवर काय करता येईल हे मात्र नियोजनाचा कायदा ठरवतो, म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आणि त्याखालची प्रादेशिक योजना. या योजनेत प्रत्येक गट नंबर कुठल्या ना कुठल्या विभागात पडतो: शेती, रहिवास, औद्योगिक, वन वगैरे. लोक याला नुसतं 'झोन' म्हणतात. झोन उद्योगाला अनुकूल असेल तर एनएचा बाऊ करायचं कारणच नाही. अशा जागी खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला आगाऊ एनए लागत नाही. झोन अनुकूल नसेल तर एनएचा कागद असूनही कारखाना उभा राहत नाही. विकणारा खोटं बोलतो असं नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या मावसभावाने हमरस्त्यालगत १८ गुंठे घेऊन घराचं एनए केलं आणि तिथे फॅब्रिकेशनची शेड घातली. रहिवास विभागात लहान सेवा उद्योग चालतात, पण किती अश्वशक्तीची मोटर, किती कामगार, किती क्षेत्रफळ याला मर्यादा असते आणि काही कामं मुळातच चालत नाहीत. त्याचं काम त्या मर्यादेबाहेरचं होतं. शेजाऱ्यांची तक्रार गेली, नोटीस आली, वाढीव वीजभार मिळाला नाही. आज त्या शेडमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या आहेत आणि कर्जाचे हप्ते तो नोकरीच्या पगारातून भरतो. त्याचा सगळा हिशेब मीच तपासून दिला होता. व्याज, घसारा, नफा, सगळं बघितलं, पण झोन कुठला ते विचारलं नाही. तेव्हापासून जागेचा व्यवहार समोर आला की मी भाव नंतर विचारतो.

आता तुमच्या जागेकडे येऊ. तुमच्या कामाला नियम तीन बाजूंनी मोजतात आणि तिन्हींत जो कडक असेल तो चालतो.

पहिली बाजू झोनची. तुमचा गट शेती विभागात असणार असं सातबारा आणि आजूबाजूची वस्ती पाहून वाटतं. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागातही शेतमाल आणि मासळीशी जोडलेली काही कामं बसतात, जसं प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह. मात्र औद्योगिक विभागाच्या मानाने बांधकाम बरंच कमी करता येतं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण जागा मोठी आणि शेड छोटी असा प्रकार होतो. यंत्रांचा आराखडा काढण्याआधी हे बघायला हवं.

दुसरी बाजू प्रदूषणाची. प्रदूषण मंडळ उद्योगांना लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे रंग देतं. २०१६ च्या वर्गीकरणात मासळीवर प्रक्रिया आणि पॅकिंग नारिंगीत होतं. बर्फ आणि शीतगृह हिरव्यात. ते वर्गीकरण नंतर बदललं आहे, म्हणून आजचा रंग मंडळाकडून लेखी घ्या. नारिंगी असेल तर बांधकामाआधी एक संमती आणि सुरू करण्याआधी दुसरी संमती लागते. मासळी धुतलेलं पाणी सांडपाणी प्रक्रिया न करता खाडीत सोडता येत नाही. तुमच्या ४५ लाखांत या प्रक्रिया संयंत्राचा खर्च मला कुठेच दिसला नाही.

तिसरी बाजू किनाऱ्याची, म्हणजे सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र), आणि माझी खरी काळजी इथेच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत चिऱ्याच्या बांधावर, साधारण गुडघ्याच्या उंचीला, वाळलेल्या चिखलाची राखाडी रेघ आहे. बांधाच्या आतल्या अंगाला चिपीची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळवनातल्या झाडाची, तीन-चार रोपं उगवली आहेत. उधाणाचं पाणी तिथवर येतं हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीला भरतीरेषेपासून ५० मीटर, किंवा खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढी रुंदी, इतका पट्टा नियमात येतो. खाडीचं पाणी खारं धरायचं की नाही, हे वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत हजारी ५ भाग क्षार या मापाने ठरतं. शेजारी १,००० चौरस मीटरहून मोठं कांदळवन असेल तर त्याच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही बघावा लागतो.

आणि गावाकडे बहुतेकांना चकवणारी गोष्ट ही: या पट्ट्यात नवीन मासळी प्रक्रिया कारखाना टाकायला स्पष्ट मनाई आहे. समुद्राचा धंदा समुद्राकाठीच असणार असं आपण सहज धरून चालतो, पण त्या अधिसूचनेतल्या मनाईच्या यादीत नवीन मासळी प्रक्रिया कारखाने नाव घेऊन निषिद्ध आहेत. उलट बर्फाचा कारखाना, बर्फ फोडण्याचं यंत्र, मासळी सुकवायचे ओटे, जाळी दुरुस्तीची जागा, लिलावाची शेड, या स्थानिक मच्छीमारांच्या गरजेच्या सोयी म्हणून परवानगीने होऊ शकतात. म्हणजे तुमच्या एकाच बेतातल्या दोन यंत्रांना एकाच जमिनीवर दोन वेगळी उत्तरं आहेत.

तुम्ही पाठवलेल्या मोजणीच्या नकाशावर जागा खाडीच्या बाजूने ४० मीटर आणि आत ६५ मीटर आहे. खाडी तिथे ५० मीटरहून रुंद आहे हे फोटोतच दिसतं. भरतीरेषा बांधालगत धरली, तर आतले ५० मीटर पट्ट्यात गेले आणि मागे राहिले १५ मीटर. १५ गुणिले ४० म्हणजे ६०० चौरस मीटर, सहा गुंठ्यांनाही थोडे कमी. २६ गुंठ्यांच्या हिशेबाने गुंठा १ लाख ४६ हजारांना पडतो. प्रक्रियेसाठी वापरता येणाऱ्या सहा गुंठ्यांच्या हिशेबाने तो ६ लाख ३३ हजारांना पडतो. त्यातून सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, आणि रस्ता सोडा, म्हणजे शेड किती उरते बघा.

यात एक अपवाद तुमच्या बाजूने जाऊ शकतो. तो बांध जुनी खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, असेल आणि फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा असल्याचा पुरावा असेल, तर भरतीरेषा बांधापाशीच थांबवता येते. पण चिपीची रोपं बांधाच्या आत आली आहेत, म्हणजे बांध कुठेतरी फुटलेला आहे. हे कागदावर सिद्ध करणं विकणाऱ्याचं काम आहे, आणि ते विसाराच्या आधी. भरतीरेषेची आखणीही केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेनेच केलेली लागते. एखाद्या ओळखीच्या सर्वेयरने मारलेली रेघ चालत नाही.

आता पैशाचं. ४० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ८० हजार देते, म्हणजे महिन्याला २३ हजार. जागा घेतली की हे उत्पन्न त्याच दिवशी थांबेल. परवानग्यांना दीड-दोन वर्षं गेली तर नुसतं थांबण्यात पाच लाख जातील. ४५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांचं धरलं तर हप्ता साधारण ७६ हजार येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पण बँकेचा हप्ता बंद नसतो. तेवढ्या दोन महिन्यांचे १ लाख ५२ हजार दरवर्षी बाजूला ठेवावे लागतील, पगार आणि वीज वेगळी. आणि बँक शेडला कर्ज देण्याआधी झोन दाखला आणि प्रदूषण मंडळाची संमती मागणारच. तुमच्या क्रमाने गेलात तर ३८ लाख आधी जातात आणि बँकेचा नकार मागाहून येतो. मग ती जागा विकायची म्हटली तरी कूळकायद्यामुळे शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकं.

दिरांच्या म्हणण्याला मी हलकं लेखत नाही. आपल्या नावाचा सातबारा ही कोकणात नुसती मालमत्ता नसते, आणि जहाजावर वर्षं काढून परतलेल्या माणसाला आपली जमीन हवी वाटणं मला पूर्ण समजतं. पण घराची जमीन आणि धंद्याची जमीन हे दोन वेगळे हिशेब आहेत. एमआयडीसीचा भाडेपट्टा ९५ वर्षांचा असतो. तुमच्या वयाला आणि तुमच्या मुलीच्या वयालाही तो पुरतो. रत्नागिरीजवळच्या मिरजोळे एमआयडीसीत जागा औद्योगिकच असल्यामुळे झोनचा प्रश्न मिटतो, पाणी आणि वीज दारात येते. प्रदूषण मंडळाची संमती तिथेही लागेलच.

माझं मत स्पष्ट आहे. हे २६ गुंठे या भावाने, या घाईत घेऊ नका. यंदाच्या हंगामासाठी मिरजोळ्यात एखादा गाळा भाड्याने बघा. मालकाकडे पोटभाड्याने द्यायची एमआयडीसीची परवानगी आहे ना, आणि तो गाळा मासळीच्या कामासाठी मंजूर आहे ना, हे दोन कागद आधी मागा. यंत्रं लहान घ्या, दहाच्या जागी पाच बायका ठेवा. ठेवीतून जास्तीत जास्त १२ लाख काढा. घरखर्चाचे वर्षभराचे पैसे आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे आत्ताच वेगळ्या खात्यात टाका, त्यांना धंद्याचा हात लागू देऊ नका. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती; ती आजही चालू आहे का ते विचारून घ्या. मत्स्यव्यवसाय खात्याकडे अर्ज जरूर करा, पण हप्त्याचं गणित अनुदान आलंच नाही असं धरून मांडा.

स्वतःची जागा हवीच असेल तर खाडी सोडून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बघा. कातळ आहे, पाणी लांब आहे, पण किनाऱ्याच्या पट्ट्याबाहेर आहे. तिथे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खासगी वन' असा शेरा नाही ना, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट नसलेली जमीन) आहे ना, सामाईकात मुंबईचे किती चाकरमानी आहेत, हे तपासा. आणि सड्यावर कातळशिल्पं आहेत का, तेही पायी फिरून बघा. आपल्या जिल्ह्यात ती जागोजागी सापडत आहेत, आणि ती जपायला हवीत.

खाडीकाठच्या मालकाला आत्ता काय सांगायचं, तर एवढंच: "नगर रचना कार्यालयाचा झोन दाखला, भाग नकाशा आणि सीआरझेडची रेषा दाखवलेला नकाशा आणून द्या." हवं तर ५० हजारांवर साठेखत करा, पण त्यात लिहून घ्या की मासळी प्रक्रियेला परवानगी मिळत नसेल तर रक्कम परत. पाच लाखांवर अडून बसला तर जाऊ द्या. जागा नुसत्या बर्फाच्या कारखान्यासाठी घ्यायची ठरली, तर भाव त्या हिशेबाने वेगळा बोलावा लागेल आणि मी तो तुमच्यासोबत बसून मांडून देईन. झोन दाखल्याची प्रत मिळाली की पाठवा. जागेसाठी ठेव तोवर मोडू नका.