काकूच्या वाटणीची भाकरी

प्रिय मुली,

सलाम. ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी लिहिलेला तुझा 'क्षमा' हा लेख दोनदा वाचला. मनापासून लिहूनही वाचताना खोटं का वाटतं, असं विचारतेस. खोटं नाही गं, उसनं आहे. पहिल्या दोन पानांत 'क्षमा' हा शब्द 19 वेळा आलाय आणि क्षमा करणारं माणूस एकदाही दिसत नाही.

मग तिसऱ्या पानावर एक ओळ येते: आईचं काकूशी बोलणं बंद आहे, तरी तिच्या वाटणीची भाकरी आई रोज फडक्यात गुंडाळून ठेवते. तिथे मी थांबले. तू मात्र लगेच बायबलातल्या मत्तय 18:22 कडे, साताच्या सत्तर वेळा क्षमा करण्याच्या वचनाकडे, धावलीस!

आधी पाहिलेलं लिही. वचन नंतर.

भाकरी बाजरीची की ज्वारीची? फडकं कसलं? काकू ती नेते कधी, आई चुलीपाशी असताना की अंगणात गेल्यावर? एखाद्या दिवशी नेली नाही, तर आई काय करते? लूक 15:8 काढून बघ. प्रभूच्या दाखल्यातल्या बाईची नाणी दहा, हरवलं एक. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. एका वचनात एवढं सगळं. 'पश्चात्ताप' हा शब्द त्यानंतर दोन वचनांनी येतो. प्रभूला जी घाई नव्हती, ती तुला कशाला?

एक वही कर. रोज रात्री प्रार्थनेआधी तीनच ओळी लिही: दिवसात डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, कानांनी ऐकलेलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि स्वतःला बोचलेलं काहीतरी. वचन लिहायचं नाही, अर्थ काढायचा नाही. तीन आठवडे झाले की त्यातली एकच नोंद उचल आणि 600 शब्द लिही. दोन दिवस तसंच ठेव, मग मोठ्याने वाच. जिथे आवाज आपोआप व्यासपीठावरचा होईल, तिथे काट मार. बहुतेक पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद जातो. 400 उरले की पुरे. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' आणि 'आपण सर्वांनी' हे दिसताक्षणी खोड. 'प्रभूने मला ओझं दिलं' हे मंडळीबाहेरच्या शेजारणीला कळत नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्ताची कथा, 'ख्रिस्तपुराण', ओवीत छापली, कारण इथले कान ओवीवर वाढलेले होते. तुझ्या शेजारणीच्या कानांचा तेवढा तरी मान ठेव.

वचन एकच घे, आणि घेण्याआधी अख्खा अध्याय वाच. 18:22 फार हाताशी होतं म्हणून तू ते उचललंस. मत्तय 6 उघड, प्रभूची प्रार्थना. अकराव्या वचनात रोजची भाकर आहे, बाराव्यात ऋण सोडणं, म्हणजे क्षमाच. एकमेकांना लागून! लहानपणापासून पाठ असूनही हे तुला दिसलं नाही, कारण तू भाकरीकडे नीट पाहिलंच नव्हतंस. हे वचन मधे कुठेतरी ठेव. शेवटी ठेवलंस की वाचक तिथे उडी मारतो आणि आई नुसतं उदाहरण होऊन बसते. मी कित्येक वर्षं लेखांच्या शेवटी वचनं डकवत आले, त्यातलं एकही पान आज माझ्याने वाचवत नाही. आता लोक म्हणतात, तुमच्या लिखाणात प्रभूचं नाव कमी झालं. म्हणू देत. भाकरी झाकणाऱ्या हातात तो ज्याला दिसत नाही, त्याला नाव दहादा लिहूनही दिसणार नाही. म्हणून पुन्हा सांगते, आधी पाहिलेलं.

आणि एक. प्रार्थनासभेत कुणी रडून सांगितलेलं तुझं नाही. नाव बदलूनही लिहू नकोस. छोट्या मंडळीत ओळखू येतंच. घरचं लिहितानाही आधी विचार. हा लेख आईला वाचून दाखव, मग काकूला. काकू नको म्हणाली तर वहीतच राहू दे आणि दुसरी नोंद घे. हो म्हणाली, तर तिने फडकं कसं परत केलं, धुऊन की तसंच, तेवढं तिसऱ्या पानावर घाल आणि मला पाठव.

तुझी,
बाई