फाटलेल्या ओठाच्या बाळांसाठी काम करायचंय, त्यासाठी डॉक्टरच व्हायला हवं का?

प्रश्न: मी बार्शी तालुक्यातल्या गावात राहते. बारावी विज्ञानला आहे, जीवशास्त्र घेतलंय. मावशीच्या बाळाचा ओठ आणि टाळू जन्मतः फाटलेली होती. तेव्हापासून आशाताईंबरोबर जाऊन मी अशाच आणखी दोन घरांना मदत करते. हे काम नीट कसं करावं? यात करिअर होऊ शकतं का? घरचे म्हणतात, डॉक्टर झालीस तरच उपयोग.

उत्तर: घरच्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. या मुलांचं ऑपरेशन आज मोफत होऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. मुलांची मोफत तपासणी आणि उपचार करणाऱ्या या सरकारी योजनेच्या यादीत हा जन्मदोष आहे. शिवाय स्माइल ट्रेनसारख्या संस्था ठरावीक रुग्णालयांमार्फत खर्च उचलतात. मुलं अडकतात ती ऑपरेशनच्या आधीच्या काही महिन्यांत आणि नंतरच्या काही वर्षांत. त्या काळात घरी जाऊन धीर देणारं, हिशेब ठेवणारं माणूस लागतं.

पहिली लढाई वजनाची. टाळू फाटलेली असली की तोंडात ओढ तयार होत नाही, म्हणून बाळ अंगावर नीट पिऊ शकत नाही. फक्त ओठ फाटलेला असेल तर बरीच बाळं पितात. टाळूच्या बाळाला आईचं काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. बाळाला आडवं न ठेवता जवळजवळ बसतं धरायचं. पाजणं अर्ध्या तासात आटपायला हवं, कारण त्याहून लांबलं तर प्यायलेलं सगळं दमण्यातच खर्ची पडतं. हवा जास्त गिळली जाते, म्हणून मध्येमध्ये ढेकर काढायची. पहिल्या आठवड्यानंतर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं. तीन किलोच्या बाळाला आठ वेळा पाजलं तर एका वेळी ५५ ते ६० मिली. नाकातून थोडं दूध आलं की आया घाबरून पाजणं थांबवतात. पुसायचं, क्षणभर थांबायचं आणि पुन्हा पाजायचं. मात्र बाळ निळसर पडलं, पाजताना सतत खोकलं किंवा दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

तुझं काम म्हणजे दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून घेतलेलं वजन वहीत लिहिणं. आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ हवी. दोन आठवडे ती दिसली नाही तर आशाताईंना सांग. सल्ला मात्र त्यांनी किंवा डॉक्टरांनी द्यायचा.

एक शब्द जपून वापर. ‘टाळू’ म्हटलं की आजीला बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा आठवते आणि ती तेल भरायला घेते. ‘तोंडातलं छत’ म्हण, बोटाने दाखव. ‘ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं’ हे तर तू प्रत्येक घरात ऐकशील. हा दोष गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत तयार होतो. त्यात आनुवंशिकतेचा आणि इतर कारणांचा वाटा असतो. चिरण्या-कापण्याशी त्याचा काही संबंध नाही. हे सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर सांग, एकट्या आईला सांगून उपयोग नाही. पुढच्या बाळंतपणासाठी फॉलिक ॲसिड आधीपासून घेणं आणि मिश्री सोडणं, एवढं जरूर सांग.

ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत होतं. त्याआधी वजन साडेचार-पाच किलो आणि हिमोग्लोबिन १० आहे का, हे पाहतात. टाळूचं ऑपरेशन नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होतं. रुग्णालयात पोहोचून माघारी यायची कारणं बहुधा तीनच असतात: सर्दी-खोकला, कमी रक्त आणि भूल द्यायच्या आधी पाजलेलं दूध. आईचं दूध चार तास आधी आणि वरचं सहा तास आधी बंद करतात, पण नेमकी वेळ रुग्णालयाकडूनच घ्यायची. आदल्या संध्याकाळी तू केलेला एक फोन मजुरी बुडवून एसटीने आलेल्या घराची फेरी वाचवतो.

ओठ शिवला की चेहरा छान दिसतो आणि बरीच घरं तिथेच थांबतात. टाळू राहून जाते, कानात पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि मूल ‘बाबा’ म्हणतं ते ‘मामा’ ऐकू येतं. फुगे फुगवून किंवा शिट्टी वाजवून हे बरं होत नाही. टाळू नीट मिटत नसेल तर पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, आणि चुकीच्या जागेतून काढायची सवय लागलेले आवाज वाचाउपचाराने सुधारतात. असे उपचारक तालुक्यात मिळणं फार अवघड आहे.

म्हणून माझी पहिली शिफारस बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराची पदवी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्याशिवाय उपचार करता येत नाहीत. मुंबईत नायर रुग्णालयाचं महाविद्यालय आणि अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, बाहेर म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था, इथे हा अभ्यासक्रम आहे. राज्यातल्या बऱ्याच जागांसाठी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण लागतात, म्हणून ती परीक्षा दे. महाविद्यालय निवडताना तिथे या मुलांवर उपचार होतात का, हे विचार.

उपचारापेक्षा घरांशी जोडून राहणं जास्त आवडत असेल तर कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी कर. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. डॉक्टरकीचा रस्ताही खुला आहे, फक्त लांबी माहीत असू दे. दंतवैद्यकीनंतर दात-जबड्यांचं पदव्युत्तर शिक्षण, किंवा एमबीबीएस, शस्त्रक्रियेतलं एमएस आणि मग प्लास्टिक सर्जरी.

यंदा सुट्टीत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे जन्मदोष असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, परवानगी घेऊन चार दिवस बस. वाचाउपचार पाहून कंटाळा येतो की मन रमतं, ते तिथे कळेल. घरी जाताना आशाताई बरोबर हव्यातच. बाळाचा फोटो आईबापांच्या होकाराशिवाय काढू नकोस, आणि होकार असला तरी व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. त्या दोन घरांतली बाळं आता किती महिन्यांची झाली? नववा महिना लागला असेल तर टाळूच्या ऑपरेशनची तारीख घेतली का, हे याच आठवड्यात जाऊन विचार.