फळबागेत पाणी, खते आणि फवारण्या कमी करण्याची सुरुवात कुठून करावी?
उत्पादन न घटता फळबागेतील पाणी, खते आणि फवारण्या कमी करता येतील का, असे आपण विचारले आहे. येतात, आणि सुरुवात पाण्यापासून करावी असे माझे मत आहे. जास्तीच्या पाण्याबरोबर नत्र (नायट्रोजन) मुळांच्या खाली झिरपून जाते, झाडे पिवळी दिसतात म्हणून आपण पुन्हा युरिया देतो, त्याने लुसलुशीत पालवी फुटते आणि त्या पालवीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड येते.

ठिबक बसवल्यानंतरही दोन वर्षे मी रोज ठरलेला वेळ मोटार चालवत होतो. एकदा खुरपीने वीतभर उकरून माती मुठीत दाबली, तर बोटांमधून पाणी आले आणि निरोगी पांढरी मुळे जवळजवळ दिसलीच नाहीत. आता मातीचा गोळा होतो पण बोटाने ढकलताच फुटतो, अशी स्थिती आली की मगच पाणी देतो. (रेताड जमिनीत ही खूण चालत नाही.) ड्रिपर (ठिबकच्या तोट्या) खोडापाशी न ठेवता झाडाच्या घेराच्या कडेकडे सरकवले, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिकडे जास्त असतात, आणि वाळलेल्या गवताचे ८ ते १० सेंटिमीटर आच्छादन खोडाला न भिडवता पसरले.

खतांबाबत माती परीक्षणाबरोबर पानांचेही परीक्षण करून घ्यावे, कारण मातीत असलेले अन्नद्रव्य झाडाला मिळतेच असे नाही. नत्र एकदम न देता ठिबकमधून थोडे थोडे द्यावे.

फवारणी तारीख पाहून करू नये. आठवड्यातून एकदा भिंगाने पानांची खालची बाजू तपासावी. माव्याच्या शेजारी काळी, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर हात आवरावा, कारण ती ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी असून मावा खाऊनच वाढते. तिलाच कीड समजून मारणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच होतो.

फळमाशीची अळी मात्र फळाच्या आत असल्याने फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती गळलेल्या फळातून मातीत उतरून कोषात जाते, म्हणून गळलेली फळे एक-दोन दिवसांआड वेचून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत; ती बांधावर फेकल्यास माशी तिथूनच बागेत परत येते.