व्हिएन्नाहून एका दिवसात ब्रातिस्लाव्हा: आधी स्टेशन ठरवा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा व्हिएन्नात नोकरीला, तुम्ही दोघं सप्टेंबरात कोल्हापूरहून दहा दिवसांसाठी त्याच्याकडे जाताय. मधल्या एका दिवशी त्याला सुट्टी नाही, म्हणून तुम्ही दोघांनीच रेल्वेने शेजारच्या देशाची राजधानी बघून रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं ठरवलंय. ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट की प्राग? व्हिसा पुन्हा लागेल का? आणि आपल्या वयाला हे झेपेल का?

मी राजारामपुरीत राहते, लेक व्हिएन्नात असते, आणि आम्ही नवरा-बायको हा प्रवास आजवर तीनदा करून आलोय. ह्यांचे गुडघे दुखरे आहेत. त्यामुळे लिहिते ते पायाने मोजलेलं आहे.

ब्रातिस्लाव्हाच करा. प्रागला एका बाजूने चार तास लागतात, ते एका दिवसाचं काम नव्हे. बुडापेस्टला अडीच तासांच्या वर जातात. म्हणजे पाच-साडेपाच तास नुसते गाडीत, आणि एवढं मोठं शहर उरलेल्या वेळात उरकायचं. बुडापेस्टवर असा अन्याय करू नका, त्याला दोन रात्री तरी द्या. ब्रातिस्लाव्हा मात्र व्हिएन्नापासून साठेक किलोमीटरवर आहे. गाडीला तासाभराच्या आसपास लागतो. आपण सकाळी मिरजेला जाऊन संध्याकाळी परत येतो ना, साधारण तसंच. दोन देशांच्या राजधान्या इतक्या जवळ असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. १९१४ साली तर व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा चक्क विजेची ट्रामगाडी सुरू झाली होती.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. तुमचा शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट) स्लोव्हाकियाला चालतो, हा देश २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे. व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी ऑस्ट्रियातून स्लोव्हाकियात जाऊन परत येणं हा नवा प्रवेश धरला जात नाही, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडतच नाही. पण मूळ पासपोर्ट जवळ पाहिजे, झेरॉक्स नव्हे. गाडीत पोलीस अधूनमधून तपासतात. दुसऱ्या खेपेला आमचे पासपोर्ट पाहिले, व्हिसाचं पान उघडलं, मान हलवली आणि पुढे गेले. प्रवास विम्याच्या कागदाची प्रतही पिशवीत असू द्या. पैसे बदलायचे नाहीत, स्लोव्हाकियात २००९ पासून युरोच आहे. फोनचा पॅक मात्र दोन्ही देशांत चालणारा आहे का, ते निघण्याआधी मुलाकडून बघून घ्या.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनातून, म्हणजे हाउप्टबानहोफमधून, ब्रातिस्लाव्हाला दोन वेगळ्या मार्गांनी गाड्या जातात आणि त्या दोन वेगळ्या स्टेशनांवर पोचतात. एक मार्ग मार्चेगवरून. त्या गाडीच्या पाटीवर ब्रातिस्लाव्हापुढे ‘एचएल. एसटी.’ अशी अक्षरं असतात. ह्लावना स्तानित्सा, म्हणजे मुख्य स्टेशन. दुसरा मार्ग दक्षिणेकडून, किट्सेवरून. ती गाडी पेत्रझाल्का नावाच्या स्टेशनात थांबते, आणि ते डॅन्यूब नदीच्या अलीकडच्या काठावर आहे. जुनं शहर, किल्ला, चर्च, सगळं पलीकडच्या काठावर.

आपण कोल्हापूरकर इथे हमखास चुकतो, आणि त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. आपलं स्टेशन म्हणजे लोहमार्गाचं शेवटचं टोक. शाहू महाराज टर्मिनसवरून सुटणारी कुठलीही गाडी आधी मिरजेच्याच दिशेने जाणार, आणि परतताना गाडी जिथे संपते तिथे उतरायचं. ‘कुठल्या कोल्हापूरला?’ असं आपल्याला कधी कुणी विचारलेलंच नाही.

पहिल्या खेपेला आम्ही आधी मिळाली ती गाडी धरली आणि पेत्रझाल्काला उतरलो. समोर काय, तर काँक्रीटच्या उंच इमारतींच्या रांगाच रांगा. एकाच साच्यातल्या, फक्त रंग वेगळे, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. समाजवादी राजवटीत बांधलेली ही वसाहत आहे आणि शहराची बरीच वस्ती आजही तिथेच राहते. किल्ला कुठे, नदी कुठे, काही दिसेना. वळिवड्याला उतरून महाद्वार रोड शोधावा तशी आमची गत. (वळिवड्याचं नाव निघालंच आहे तर सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले होते. तो पोलंड ह्या स्लोव्हाकियाचा सख्खा शेजारी. त्या वाटेवर मला दर वेळी त्या माणसांची आठवण येते. ती किती लांबून आपल्याकडे आली होती!)

तिथून बस करून शहरात गेलो, दिवस छान गेला. संध्याकाळी पाट्या बघत बघत चालत मुख्य स्टेशनात आलो. मोबाइलवर लेकीने टिपून दिलेली गाडीची वेळ होती, पण फलकावर ती गाडीच नाही. तीनदा फलक वाचला. ह्यांचा चेहरा पार उतरला. शेवटी एका कॉलेजातल्या मुलीला फोन दाखवला, तेव्हा तिने सांगितलं की तुमची गाडी पेत्रझाल्काहून आहे, इथून नाही. आमचं तिकीट दोन्ही मार्गांना चालणारं होतं, म्हणून अर्ध्या तासाने तिथूनच सुटणारी दुसरी गाडी मिळाली. नाहीतर नदी ओलांडून धावत जावं लागलं असतं, आणि ते ह्यांना शक्य नव्हतं.

म्हणून माझा सल्ला: जाताना मुख्य स्टेशनची गाडी घ्या. तिथून जुन्या शहरापर्यंत सगळा उतार आहे. वाटेत राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा लागतो, त्याच्या मागची बाग सगळ्यांना खुली असते, बाकावर दहा मिनिटं बसा. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही मिखाएल वेशीपाशी पोचता. संध्याकाळी मात्र पाय दमलेले असतात, तोच चढ चढत स्टेशनात यायचं नाही. तेव्हा बसने पेत्रझाल्काला जा आणि तिथून गाडी धरा. ९३ क्रमांकाची बस दोन्ही स्टेशनांना जोडते. तिकीट काढताना जाऊन-येऊनचं सवलतीचं काढायचं, आणि ते दोन्ही मार्गांना चालतं ना, शहरातल्या बसला चालतं का, हे खिडकीवरच विचारून घ्यायचं. ठरावीक गाडीलाच बांधलेलं स्वस्त तिकीट ह्या सहलीला नको. ह्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, दर तासाला मिळतात, मग वेळेची दोरी गळ्यात कशाला? एक मात्र करा. रुळांची कामं निघतात, मधल्या टप्प्यात बसने नेतात, म्हणून आदल्या रात्री मुलाला वेळापत्रक पुन्हा बघायला लावा.

सकाळी आठ-साडेआठची गाडी पुरे. मार्चेगचा मार्ग सपाट शेतांतून जातो, मग मोरावा नदीचा पूल येतो, आणि पूल ओलांडला की देश बदलला. कोगनोळी ओलांडून निपाणीकडे जाताना कसं, माती तीच, उसाची शेतंही तीच, पाट्यांवरची अक्षरं तेवढी बदलतात. तसंच. जर्मन जाऊन स्लोव्हाक येते.

जुन्या शहरात काय बघायचं ते नकाशात मिळेल, सगळं लिहीत नाही. एकच गोष्ट हाताला धरून दाखवावीशी वाटते. चालताना नजर खाली ठेवा. फरसबंदीत मध्येच पितळी मुकुट बसवलेले आहेत, तळहाताएवढे, लोकांच्या पायांनी घासून चकचकीत झालेले. बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, तुर्कांच्या हाती गेल्यावर हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक ह्या शहरात होऊ लागले, १५६३ पासून १८३० पर्यंत. तेव्हा शहराचं नाव प्रेसबुर्ग. ब्रातिस्लाव्हा हे नाव १९१९ चं. राज्याभिषेकाची मिरवणूक ज्या वाटेने जायची, तीच वाट ह्या मुकुटांनी आखलेली आहे. आम्ही दुसऱ्या खेपेला नकाशा पिशवीत टाकला आणि एका मुकुटावरून पुढचा मुकुट शोधत चाललो. नवरात्रात पालखीच्या मार्गावरून चालल्यासारखं वाटलं मला. वाट जाते सेंट मार्टिन चर्चला, जिथे १७४१ साली मारिया तेरेसाला हंगेरीची राणी म्हणून मुकुट चढवला. चर्चच्या शिखरावर क्रॉस नाही, उशीवर ठेवलेला सोनेरी मुकुट आहे, वजन सुमारे तीनशे किलो. खालून तो खेळण्यातला वाटतो.

गटाराच्या झाकणातून डोकं काढून बसलेल्या कामगाराचा पुतळा आणि निळं चर्च ही दोन ठिकाणं सगळे करतात, तुम्हीही करा, वाटेतच आहेत. निळं चर्च आत बहुतेक वेळा बंद असतं, पण भिंती, छप्पर, नक्षी सगळं निळं, बाहेरूनच मन भरतं.

किल्ल्यावर जायचं का? पन्हाळा-विशाळगड पाहिलेल्या माणसाला तो पांढरा चौकोनी किल्ला गड वाटणार नाही. १८११ च्या आगीत तो जळाला आणि जवळजवळ दीडशे वर्षं पडीक होता. आज दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा उभा केलेला. मला विचाराल तर वेळ आणि गुडघे वाचवा आणि दुपारी देवीनला जा.

देवीन हे नदीकाठचं गाव. डॅन्यूबवरच्या एसएनपी पुलाखालून २९ क्रमांकाची बस जाते, वीसेक मिनिटं. तिथे कड्यावर पडका किल्ला आहे. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. वर चढलात तर उत्तम, नाही चढलात तरी खाली नदीकाठची पायवाट सपाट आहे. तिथे मोरावा येऊन डॅन्यूबला मिळते. आम्ही उभे होतो तेव्हा दोन पाण्यांचे दोन रंग स्पष्ट दिसत होते, बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांत न मिसळता चाललेले. नरसोबाच्या वाडीला घाटावर उभं राहून कृष्णा आणि पंचगंगा बघत असावं तसं. ह्यांनी वाकून पाण्यात हात घातला आणि आपोआप हात जोडले.

त्याच काठावर एक स्मारक आहे, वेशीसारखी चौकट, गोळ्यांच्या खुणा असलेली. समोरचा काठ ऑस्ट्रिया. १९८९ पर्यंत ह्या बाजूला काटेरी तारा आणि पहारे होते, आणि ही नदी पोहून पलीकडे पळून जाताना माणसं मेली. आपण सकाळी गाडीत बसून चहा पीत जी सीमा ओलांडली, ती हीच. तिथे घाई करू नका. किल्ला सोमवारी बंद असू शकतो, त्यामुळे सोमवार टाळा. शहरातली बरीच संग्रहालयंही सोमवारी बंदच.

जेवणाचं. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. तिथला खास पदार्थ ब्रिंझोवे हालुश्की, बटाट्याच्या छोट्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं खारट चीज. पण त्यावर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून ऑर्डर देतानाच ‘बेझ मॅसा’ म्हणायचं, मांसाशिवाय. त्यांचा ‘मॅसो’ आणि आपला ‘मांस’ हे शब्द मुळात एकच आहेत, त्यामुळे विसरणार नाही. तरी ताट आल्यावर बघून घ्या. लसणाचं सूप मागवायचं असेल तर ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. तळलेलं चीज आणि बटाटे सगळीकडे मिळतात. तिखटाची सवय असेल तर पिशवीत चटणीची पुडी असू द्या, आमची दर वेळी असते. भाषेवाचून अडलं नाही, तरुण मुलं इंग्रजी बोलतात, आणि ‘जाकुयेम’ म्हणजे धन्यवाद, एवढ्यावर चेहरे खुलतात.

चपला नकोत, बूट घाला, फरसबंदी उंचसखल आहे. स्वच्छतागृहासाठी अर्ध्या युरोची सुटी नाणी खिशात ठेवा. सप्टेंबरात सातच्या सुमारास अंधारतं, तेव्हा देवीनहून साडेचारच्या आत निघा, पुलापाशी कॉफी घ्या आणि सहाच्या आसपासची पेत्रझाल्काची गाडी धरा. रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात, पण शेवटच्या गाडीवर विसंबू नका. गाडी सुटल्यावर उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांतून पवनचक्क्या दिसू लागतात, वनकुसवड्याच्या पठारासारख्या, शेकड्यांनी. त्या दिसल्या की मुलाला फोन करा आणि कुकर लावायला सांगा.