मनगटी घड्याळे वारंवार बंद पडत असतील, तर टिकाऊ खिशातले घड्याळ कसे निवडावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा की, दोन वर्षांत तीन मनगटी घड्याळे बंद पडली, घरची मंडळी "तुझ्या अंगातच वीज आहे" असे म्हणू लागली, म्हणून आता साखळीचे, खिशात ठेवायचे घड्याळ घ्यावे असे वाटते आणि ते निदान दहा-पंधरा वर्षे टिकावे. अंगातल्या विजेने घड्याळ बंद पडत नाही, एवढे आधी सांगून टाकतो. ते बंद पडते घाम, धक्का, चुंबक, धूळ किंवा हलगर्जी दुरुस्ती यांमुळे, आणि यांपैकी तुमच्या घड्याळांचा घात कशाने झाला हे समजल्याशिवाय खिशातले घड्याळ घेतले, तर तेही त्याच वाटेने जाण्याचा संभव आहे.

बंद पडलेली घड्याळे अजून घरात असतील, तर घड्याळजीकडून मागचे झाकण उघडून घ्या आणि स्वतः पाहा. काचेला आतून वाफ धरत असेल आणि चावीच्या (बाजूच्या फिरवायच्या बोंडाच्या) दांडीवर तांबूस गंज दिसत असेल, तर घाम किंवा पाणी आत गेले आहे. घड्याळावर ३० मीटर असे छापलेले असले, तरी त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे ते सोसेल एवढाच असतो, आणि सेल बदलताना आतली रबरी रिंग चिरडलेली तशीच बसवली गेली, तर तेवढाही भरवसा उरत नाही. किल्लीचे, म्हणजे सेलऐवजी किल्ली देऊन चालणारे घड्याळ एकाएकी दिवसाला दहा-वीस मिनिटे पुढे जाऊ लागले, तर चुंबकाचा संशय घ्यावा. झोके घेऊन वेळ मोजणाऱ्या बॅलन्स चाकावरच्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामापुरती लांबी कमी होते आणि चाक भराभर झोके घेऊ लागते. सेलच्या घड्याळाचे वेगळे असते: जोरदार चुंबकाजवळ त्याची मोटर अडते आणि दूर नेले की पुन्हा सुरू होते, त्यामुळे मागे पडलेली वेळ पाहून माणूस उगाच सेल बदलत राहतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मी सरफेस ग्राइंडर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणारे यंत्र चालवतो, आणि या यंत्रावर लोखंडी काम धरून ठेवण्यासाठी मॅग्नेटिक चक असते. माझे वडिलांकडून आलेले किल्लीचे घड्याळ दर पंधरा दिवसांनी पुढे पळायचे. आमच्या घड्याळजींनी एकदा छोटे होकायंत्र काढून त्या घड्याळाजवळ धरले, तेव्हा त्याची सुई थरथरत वळली. मग त्यांनी चुंबकत्व घालवणाऱ्या, तारेच्या वेटोळ्याच्या एका डबीवरून घड्याळ हळूहळू दूर नेले आणि अर्ध्या मिनिटात ते बरे झाले. तिसऱ्या खेपेला मात्र ते म्हणाले, "साहेब, खोट घड्याळात नाही, तुमच्या टेबलात आहे." काम लावताना डावे मनगट चकापासून चार बोटांवर येत होते. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, त्यामुळे तेच घड्याळ पोटाजवळच्या खिशात असते तर त्याला काही झाले नसते, आणि मी खिशातल्या घड्याळाकडे वळलो तो या हिशेबाने, हौस म्हणून नव्हे. (हौस नंतर आली, हे कबूल करतो.)

खिसा घड्याळाला मनगटावरचा घाम, दाराच्या कडीचा धक्का आणि नळाचे पाणी यांपासून वाचवतो, पण खिशाचेही शत्रू आहेत. कापडाचा बारीक भुसा चावीच्या भोकातून आत शिरतो, नाणी आणि किल्ल्या काच ओरबाडतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याच खिशात मोबाइल असतो, ज्याच्या स्पीकरमध्ये आणि पुष्कळदा कव्हरच्या झाकणातही चुंबक असते. एका खिशात दोघांना कधीही ठेवू नका.

निवडीची कसोटी नव्याने शोधण्याची गरज नाही, कारण ती रेल्वेने सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून दिली आहे. एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली, आणि एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे मागे पडले होते, असे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याकडे घड्याळ-तपासणीचे काम आले, आणि त्यातून जे नियम रूढ झाले त्यांत उघडी (झाकण नसलेली) तबकडी, ठळक आकडे, निदान १७ ज्वेल (चाकांच्या टोकांची झीज कमी करणारे खडे), घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवून केलेले समायोजन आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नसणे, या गोष्टी होत्या. मला त्यांतला एक नियम फार आवडतो: वेळ लावण्यासाठी पुढची काच उघडून आतली छोटी पट्टी बाहेर ओढावी लागे, म्हणजे किल्ली देताना चुकून काटे सरकण्याची शक्यताच उरत नसे. आज हा प्रकार जुन्या अमेरिकन घड्याळांतच मिळेल, पण बाकीच्या अटी आजही जशाच्या तशा लागू पडतात. जपानी रेल्वेने १९२९ मध्ये सेइकोशाचे खिशातले घड्याळ अधिकृत म्हणून स्वीकारले, तेही याच वळणाचे होते, आणि तिथले चालक ते समोरच्या फलकावरील खोबणीत ठेवतात.

आता यंत्राविषयी, कारण टिकाऊपणा खरा तिथेच ठरतो. तुम्हाला फक्त अचूक वेळ हवी असेल आणि देखभाल नको असेल, तर स्टीलच्या डबीतले, धातूचे यंत्र असलेले सेलचे घड्याळ घ्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अट एवढीच की सेल नेहमीच्या मापाचा असावा आणि तो संपल्यावर महिनोन्महिने आत राहू देऊ नये, कारण तो गळला की यंत्र खाऊन टाकतो. किल्लीचे घ्यायचे असेल, तर माझे मत स्विस युनिटास ६४९७ किंवा ६४९८ या यंत्राकडे झुकते. ३६.६ मिलिमीटर व्यासाचे हे यंत्र मुळात खिशातल्या घड्याळासाठीच बनले. १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके, मोठे आणि संथ बॅलन्स चाक, आणि त्या चाकाच्या टोकांना धक्का सोसणारी इन्काब्लॉक योजना. पुढे मोठ्या मनगटी घड्याळांतही ते सर्रास वापरले गेल्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात, आणि ते उघडायला कोणताही जाणता घड्याळजी कचरत नाही. चेल्याबिन्स्कचे रशियन मोल्निया स्वस्तात मिळते आणि त्याचे १८ ज्वेलचे ३६०२ यंत्र दणकट आहे, पण त्याला धक्क्यापासून संरक्षण नाही. एकदा फरशीवर पडले की बॅलन्सच्या दांडीचे केसाएवढे टोक तुटते. एचएमटीच्या खिशातल्या घड्याळांवर आपल्याकडे अनेकांचे प्रेम आहे, माझेही आहे, परंतु ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, तेव्हा सुटे भाग म्हणजे दुसऱ्या एखाद्या घड्याळाचा बळी, हे धरून चाला.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात झाकणावर रेल्वे इंजिन कोरलेली 'ॲंटिक' घड्याळे ढिगाने दिसतात. त्यांतली बहुतेक घड्याळे तबकडी नव्याने रंगवलेली आणि आत तीन घड्याळांचे अवयव असलेली असतात. शोभेसाठी घ्या, पण त्यांच्या भरवशावर बस पकडू नका. जुने घ्यायचेच असेल, तर मागचे झाकण उघडायला सांगा, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या नाहीत ना ते पाहा, पूर्ण किल्ली द्या आणि तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर अशा तीन स्थितींत दहा-दहा मिनिटे कानाशी धरून ठोका एकसारखा येतो का ते ऐका. ठोके मोजणारे टाइमिंग यंत्र असलेल्या घड्याळजीकडे हेच काम पाच मिनिटांत आकड्यांनिशी होते.

तबकडीवर झाकण असलेले घड्याळ घेतलेत, तर झाकण लावताना चावी दाबून धरा, झाकण बसवा आणि मग चावी सोडा. बोटाने खट्कन दाबून लावण्याची सवय लागली, की आतली खिट्टी झिजते आणि दोन-चार वर्षांत झाकण खिशातच उघडू लागते. मी स्वतः उघड्या तबकडीचेच घेईन.

घड्याळ ठेवायचे कुठे, हा प्रश्न लोक खरेदी झाल्यावर विचारतात. जीन्सचा छोटा खिसा मुळात याच कामासाठी होता, पण ४५ ते ५० मिलिमीटरची डबी आजच्या अनेक पँटींच्या त्या खिशात मावत नाही, तेव्हा दुकानात जाताना रोजचीच पँट घालून जा. सदऱ्याच्या खिशात ठेवणार असाल, तर साखळी काजाला किंवा गुंडीला अडकवल्याशिवाय ठेवू नका. वाकलात की घड्याळ खाली, हे ठरलेले. साखळी चांदीचीच हवी असे नाही, गांधीजी आपले घड्याळ कमरेला दोरीने अडकवत.

किल्ली रोज सकाळी एकाच वेळी द्या, आणि यंत्रातले तेल सुकण्याआधी, म्हणजे चार-पाच वर्षांनी, ते उघडून साफ करून घ्या. माझे युनिटासचे घड्याळ अकरा वर्षांत दोनदा साफ झाले आहे. दिवसभर खिशात ते उभे असते, म्हणून रात्रीही मी ते आडवे न ठेवता पलंगाशेजारच्या खिळ्याला टांगतो. आडवे ठेवायचो तेव्हा ते दिवसाला वीस सेकंद पुढे जायचे, आता आठ सेकंद जाते, आणि आठवडाभर साचलेला फरक मी रविवारी सकाळी मागे घेतो.