किल्ले जंक्शनच्या अलीकडे की पलीकडे?

वाचकांचे प्रश्न, सायकलकाकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. माझी मिरजेहून बेलापूरला बदली झाली आहे. ऑफिस सेक्टर ११ मध्ये, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. सध्या मेव्हण्याकडे ऐरोलीत उतरलोय. बायकोला वाशीत एका दवाखान्यात नोकरी मिळाली आहे, मुलगा चार वर्षांचा. मिरजेत मी रोज सायकलने कामाला जायचो, इथेही तेच करायचं आहे. मोटरसायकल घेणार नाही असा बायकोला शब्द दिलाय. नकाशावर खारघर सगळ्यात जवळ दिसतं. एजंट म्हणतो, "सर, सायकलने बारा मिनिटं." बायकोला नेरूळ पसंत आहे. ऑफिसातले म्हणतात, उलवे बघ, घरं नवी आहेत. काय करू?
— एक मिरजकर, मुक्काम ऐरोली

उत्तर : त्या एजंटाला आधी सायकलवर बसवा आणि सकाळी सव्वानऊला खारघरहून निघायला सांगा. बारा मिनिटांनी तो कुठे पोचला ते मला कळवा.

चेष्टा सोडा, पण तुमचा घोटाळा कुठे होतोय ते सांगते. मिरजेत घर ते ऑफिस म्हणजे एकच गाव. गल्लीतून गल्ली निघते, एक रस्ता तुंबला की माणूस दुसऱ्या बोळात शिरतो. नवी मुंबई तशी वसलेली नाही. सिडकोने, म्हणजे सरकारच्या नगररचना महामंडळाने, १९७० नंतर हे शहर आखलं ते नोड, म्हणजे वेगवेगळी उपनगरं, पाडून. वाशी एक नोड, नेरूळ एक, बेलापूर एक, खारघर एक. प्रत्येक नोडच्या आत शाळा, बाजार, बाग, रुंद रस्ते, झाडं, सगळं आहे, आणि सायकलला इतके चांगले रस्ते मी तरी मुंबईत पाहिले नाहीत. पण एका नोडमधून दुसऱ्यात जायचं म्हटलं की मधे खाडीचा फाटा येतो, नाला येतो, रेल्वे येते, डोंगर येतो. ते ओलांडायला एखाददुसराच रस्ता असतो, आणि त्याच रस्त्यावर डंपरही असतो, बसही असते आणि तुम्हीही असता. त्यामुळे इथे किलोमीटर मोजून घर घेऊ नका. घर आणि ऑफिस यांच्या मधे ओलांडायच्या जागा किती, आणि त्यातली सगळ्यात वाईट कोणती, ते मोजा.

खारघर आणि बेलापूर, स्टेशनं शेजारशेजारची. खरं आहे. पण रोजचा रस्ता सायन–पनवेल महामार्गाच्या अंगाने जातो. पुण्याकडून येणारी आणि पुण्याला निघालेली वाहनं, पुलावर चढताना डाव्या हाताला शिल्लक राहणारी ती दीड हाताची पट्टी, तिच्यावर खडी आणि फुटलेल्या काचा. मी तिथून गेले आहे, नाही असं नाही. रविवारी पहाटे साडेपाचला पांडवकड्याच्या धबधब्याकडे जाताना. रोज सकाळी नऊला, डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून मी गेले नसते. खारघरच घ्यायचं ठरलं तर सायकल खारघरच्या आत ठेवा. आतले रस्ते मोठे आहेत, सेंट्रल पार्कचा परिसर तर मुलाला घेऊन फिरायला फार छान. सायकलने जवळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत जायचं आणि पुढे मेट्रो. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावते आहे आणि ती खारघरच्या पोटातून जाते. हाही एक मार्ग आहे, वाईट नाही. पण तुम्ही विचारलंत ते दारापासून दारापर्यंत सायकलने जायचं.

उलवे मी एका वाक्यात सोडते. खाडीवरच्या पुलावरून आम्र मार्गाने यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर जेएनपीटी बंदराचे ट्रेलर असतात. चाळीस फुटी कंटेनर शेजारून गेला की वाऱ्यानेच सायकल आत ओढल्यासारखी होते. हे लिहूनही माझ्या पोटात गोळा आला.

आता नेरूळ. इथे मी बाजू घेणार आहे हे आधीच कबूल करते, कारण २००४ ते २०२१ मी नेरूळहून बेलापूरला बँकेत सायकलने गेले. नेरूळ पश्चिम, माझ्या दारापासून बँकेच्या जिन्यापर्यंत पाच किलोमीटर, बावीस मिनिटं. पावसाळ्यात तीस. नेरूळ-बेलापूरच्या मधल्या सीवूड्सच्या आतल्या रस्त्यांनी, करावे गावाच्या बाजूने, शेवटी पाम बीच रोडवर यायचं आणि किल्ले जंक्शन ओलांडून महापालिकेच्या त्या घुमटाच्या इमारतीवरून सेक्टर १५ मध्ये शिरायचं. तिथून तुमचं सेक्टर ११ लगेच.

या सगळ्यात धोक्याची जागा एकच : किल्ले जंक्शन. पाम बीच रोड तिथे आम्र मार्गाला मिळतो. उरणकडे जाणारे ट्रेलर, वाशीकडून ताशी साठची मर्यादा विसरून आलेल्या गाड्या आणि मधे तुम्ही. मी सतरा वर्षं तिथे एकच नियम पाळला, की सिग्नलला पहिल्या रांगेत थांबायचं नाही. डावीकडे वळणारा ट्रेलर थांबला असेल तर त्याच्या मागे थांबायचं, शेजारी तर कधीच नाही. ड्रायव्हर इतका उंच बसलेला असतो की त्याच्या डाव्या दाराखाली उभी असलेली बाई त्याला दिसतच नाही. आणि हिरवा लागला तरी मनात तीन आकडे मोजून मग पायडल मारायचं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. ज्या दिवशी मन धजत नसे त्या दिवशी मी खाली उतरून, सायकल हातात धरून, पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडत असे. त्यात कमीपणा कसला?

पाम बीच रोडबद्दल आणखी एक. फोटोत तो सायकलचा स्वर्ग दिसतो. एका बाजूला खारफुटी, थंडीत डीपीएस तलावावर फ्लेमिंगो. म्हणून लोक विचारतात, मग वाशीलाच का राहू नये, सरळ पाम बीचने यावं. सरळ रस्ता हाच तिथे त्रास आहे हो. रस्ता सरळ म्हणून गाड्या सुसाट. पहाटे ठीक, ऑफिसच्या वेळेला मुख्य रस्त्यावर नऊ-दहा किलोमीटर मला नको वाटतात. तुम्ही तरुण आहात, तुमचा निर्णय वेगळा असू शकेल. पण मग बायकोचं काम वाशीत आणि तुमचं बेलापुरात, तर नेरूळ किंवा सीवूड्स दोघांच्या मधे पडतं. तिला हार्बर लोकलने नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी, आणि तुम्हाला उलट दिशेला सायकल. मुलाला बालवाडीतून आणायला जो आधी सुटेल तो जाईल. तुमच्या बायकोला हे नकाशा न बघता कळलं आहे, ऐका तिचं.

बेलापुरातच घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. शेवटी सीबीडी बेलापूर म्हणतात, त्यातल्या सीबीडीचं पूर्ण नावच सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. कचेऱ्यांसाठीच आखलेला भाग तो, आणि तिथेच घरही असेल तर सायकलची फक्त चैन उरते. सेक्टर ८ च्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये एकदा जरूर चक्कर मारा. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली बैठी घरं, अंगणं, झाडं. पण पारसिक डोंगरावरचा फ्लॅट कुणी दाखवला तर खिडकीतून खाडी बघून विरघळू नका. सकाळी तुम्ही न पायडल मारता ऑफिसला पोचाल, संध्याकाळी सायकल ढकलत घरी जाल.

टोकन देण्याआधी एक काम करा. मेव्हण्याची सायकल घ्या, नसेल तर भाड्याने आणा, आणि एखाद्या मंगळवारी सकाळी नऊला त्या घराच्या फाटकातून निघा. रविवारी नाही. रविवारची नवी मुंबई वेगळी असते, ती बघून फसलेले पुष्कळ आहेत. संध्याकाळी साडेसहाला परत त्याच रस्त्याने या. परतीचाच खरा कस लागतो : उजेड कमी, सगळ्यांना घरी जायची घाई, आणि वारा समोरून. बेलापूरहून सीवूड्सकडे येताना तुमचं तोंड पश्चिमेला, आणि दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो. महापालिकेच्या मुख्यालयासमोर उंच खांबावर मोठा तिरंगा आहे. बँकेतून निघाले की मी आधी त्याच्याकडे बघायची. तो ताठ फडकत असला की घरी फोन करायचा, "कुकर दहा मिनिटं उशिरा लावा."

ऑफिसातही दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. सायकल कुठे लावायची, आणि तोंड-हात धुवायला, शर्ट बदलायला जागा कुठे. एप्रिल-मेमध्ये इथे मिरजेसारखं कोरडं ऊन नसतं, अंग नुसतं चिकचिकतं. मी टेबलाच्या खणात एक पंजाबी ड्रेस आणि टाल्कम पावडर कायमची ठेवली होती. सायकलचं म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच वर्षी फतवा काढला, की सायकल गाड्यांच्या पार्किंगमध्ये नको, शोभा जाते. दोन वर्षं मी ती दुसऱ्या मजल्यावर उचलून नेली. म्हणून घर बघताना वॉचमनला विचारा, "सायकली कुठे ठेवता?" त्याने जिन्याखाली बोट दाखवलं आणि तिथे चार धुळकट सायकली दिसल्या, तर घर चांगलं.

आणि चेन-कव्हर असलेलीच सायकल घ्या. २००९ साली सीवूड्सच्या वळणावर माझी ओढणी चेनमध्ये अडकून मागच्या चाकात गेली. पडले, हनुवटीला तीन टाके. करावे गावाच्या वळणावर तेव्हा एक पंक्चरवाला बसायचा. त्याने पळत येऊन आधी ओढणी कात्रीने कापली, मला झाडाखाली बसवलं, घमेल्यातल्या पाण्यानेच माझा चेहरा धुतला. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं तेच पाणी, सोल्युशनचा वास येत होता. मग रिक्षा थांबवून मला दवाखान्यात पाठवलं आणि सायकल दोन दिवस सांभाळली. हँडल सरळ करायचे पैसे घेतले, सांभाळायचे नाही. तुमच्या रस्त्यावर असा कुणी बसतो का, तेही त्या मंगळवारी बघून ठेवा.

---

प्रश्न : काकू, मी ठाण्यात नौपाड्यात आईबाबांकडे राहते. नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात लागली आहे. ठाण्याहून सायकलने जाऊ की ऐरोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊ? आईचा दोन्हीला विरोध आहे.
— प्राची (नाव बदललं आहे)

उत्तर : प्राची, नौपाड्यातून निघालीस की कळवा पूल, मग विटावा, दिघा, ऐरोली. अंतर काही फार नाही. पण विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता एकदा पावसात बघून ये. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं, आणि त्या अरुंद बोगद्यात रिक्षा, टेंपो, बस सगळे एकाच वेळी घुसतात. मी तिथून दोनदा गेले, तिसऱ्यांदा लोकलने. ऑक्टोबर ते मे सायकल आणि पावसाळ्यात ट्रान्सहार्बर लोकल, असं जमत असेल तर बघ. ठाण्याहून ऐरोली आता दुसरं स्टेशन, मधे जानेवारी २०२४ पासून दिघा गाव आलं आहे.

ऐरोलीत खोली घेतलीस तर सेक्टरांतले रस्ते शांत आहेत, पंधरा मिनिटांत पोचशील. फक्त ठाणे–बेलापूर रोड कुठे ओलांडायचा ते आधी ठरव. कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथे बस आणि ट्रक यांची नुसती रेटारेटी असते. आईला एकदा बरोबर घेऊन जा आणि जायचा रस्ता दाखव. तिचा विरोध सायकलला आहे की खोलीला, ते तिथे कळेल.

---

प्रश्न : पाच किलोमीटरसाठी गिअरची सायकल लागते का?
— एक वाचक, कामोठे

उत्तर : नाही. डोंगरावरचे भाग सोडले तर नवी मुंबई बहुतेक सपाट आहे, खाडीलगतचा बराच भाग भराव घालून केलेला. त्या पैशात चांगले मडगार्ड, मागे तांबडा दिवा, एक घंटा आणि टोपीवाला रेनकोट घ्या. चेनला तेल मात्र दर आठवड्याला घाला. खाऱ्या हवेत पंधरा दिवस विसरलात की ती गंजते आणि मग घंटीची गरजच उरत नाही, कुरकुर ऐकूनच लोक बाजूला होतात.